औद्योगिक आरोग्यविज्ञान : पदव्युत्तर शिक्षण

कामाच्या जागी धूळ, विषारी वायू, गोंगाट व उष्णता यांपासून होणारा अपाय आधीच ओळखणे, मोजणे आणि आवरणे, हा या विद्याशाखेचा विषय. कामगाराला तपासतो तो डॉक्टर. येथे तपासली जाते त्याच्या भोवतालची हवा. म्हणून रसायनशास्त्र वा अभियांत्रिकीचे पदवीधरही या अभ्यासक्रमाकडे वळतात. विषशास्त्र, वायुवीजन, संख्याशास्त्र हे विषय असतातच. खरा कस लागतो तो नमुने घेताना. कामगाराच्या कॉलरला गाळणी अडकवून कमरेच्या छोट्या पंपाने पाळीभर हवा खेचतात, गाळणीवर साचलेले द्रव्य प्रयोगशाळेत मोजतात आणि आठ तासांची सरासरी अनुज्ञेय मर्यादेशी ताडून पाहतात. भारतात अशा मर्यादांची अनुसूची कारखाने अधिनियमाला जोडली गेली ती १९८७ मध्ये, भोपाळ दुर्घटनेनंतर.

याच क्षेत्रात, शिशाच्या विषबाधेवर मूलगामी काम करणाऱ्या ॲलिस हॅमिल्टन १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या. १९३५ मध्ये निवृत्त होतानाही त्या साहाय्यक प्राध्यापकच होत्या, हे विद्यापीठाला फारसे भूषणावह नाही.

आपल्याकडे मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम डॉक्टरांसाठी आहे. ती पदव्युत्तर पदवी नव्हे. या विषयातील एम.एस्सी.ची सोय गुजरातेत वल्लभ विद्यानगर येथे आहे.