ठेंगण्या मोटारीचा प्रश्न

जमिनीलगत धावणारी मोटार डोळ्यांस सुंदर दिसते, वळणावर फारशी कलतही नाही. परंतु रस्ता उखडलेला असला म्हणजे तिच्यात बसणाराची हाडे खिळखिळी होतात. मोटारीचे ठेंगणेपण आणि बसणाराचे सुख ह्यांचे मुळातच वैर आहे. ते वैर कशामुळे उत्पन्न होते हे ध्यानी घेतल्यावाचून फ्रान्समधील सित्रोएन कारखान्याने १९३४ ते १९५५ ह्या काळात काय साधले ते कळावयाचे नाही, म्हणून प्रथम त्याविषयी दोन शब्द.

१८०४ साली लंडनच्या ओबाडाया इलियट ह्या गाड्या बांधणाऱ्याने लंबवर्तुळाकार पोलादी कमानीचे पेटंट घेतले. कमान जितकी मऊ तितका धक्का कमी, हे तेव्हापासून सर्वांस ठाऊक आहे. मनुष्याच्या देहास सेकंदाला एकाच्या आसपास झोके मानवतात. इतका संथ झोका हवा असेल तर गाडीच्या स्वतःच्या भाराने कमान सुमारे २५ सेंटिमीटर दबली पाहिजे. पण अशा कमानीवर भार पाचव्या हिश्श्याने वाढला की गाडी आणखी ५ सेंटिमीटर खाली बसते. उंच गाडीस हे चालते. जिच्या पोटाखाली मुळातच ओंजळभर जागा, तिचे पोट दगडास लागते. मग कमान चौपट ताठ करावी, तर सेकंदास दोन झोके बसू लागतात. कमानीचे वेढे कापून मोटार खाली बसविण्याचा हल्लीचा शौक तर दुहेरी तोट्याचा आहे. वेढे कमी झाले की उरलेली कमान अधिक ताठ होते आणि तिला दबावयास जागाही कमी उरते.

सित्रोएनची १९३४ ची ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ पुढच्या चाकांनी ओढली जाणारी होती. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तिच्यात नव्हता, निराळा सांगाडाही नव्हता. त्यामुळे बैठक सहज खाली आली. कमानींच्या जागी पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या आल्या. गाडी रस्ता घट्ट धरू लागली खरी, तथापि पोलाद ते पोलादच. वरचा हिशेब त्यासही चुकला नाही. ह्या गाडीच्या खर्चाने कारखान्याचे दिवाळे वाजले, तो मिशलँच्या हाती गेला, आणि १९३५ साली आंद्रे सित्रोएन निवर्तले.

नवे चालक पिएर बूलांजे ह्यांनी उलट वाट धरली. त्यांस खेडुतांसाठी गाडी हवी होती: लाकडी जोडे घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन जाणारी. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटू नये, अशी त्यांची अट असल्याचे सांगतात. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली ही ‘दॅ-शव्हो’ ठेंगणी नव्हतीच. तिची चाके लांब भुजांवर भरपूर वरखाली होत, आणि प्रत्येक बाजूचे पुढचे व मागचे चाक एकाच आडव्या नळीतील कमानींनी जोडलेले असे. पत्रकारांनी तिची टर उडविली. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे तिची वाट पाहिली.

मूळ प्रश्न मात्र सोडविला पॉल माजेस ह्यांनी. १९२५ साली सतराव्या वर्षी कारखान्यात शिरलेल्या ह्या गृहस्थांजवळ इंजिनियरची पदवी नव्हती. आम्हांस तर वाटते की, ज्यास पोलादाचे शास्त्र पढविलेले नव्हते त्यासच पोलाद सोडून देणे सोपे गेले असावे. त्यांनी एका गोळ्यात पडदा घातला. एका अंगास नायट्रोजन वायू कोंडला, दुसऱ्या अंगास तेल ठेवले. चाक वर आले की तेल वायूस दाबते आणि धक्का वायूत जिरतो. गाडीत माणसे बसून ती खाली गेली की एक झडप उघडते, पंप आणखी तेल आत सोडतो व गाडी पूर्वीच्या उंचीवर येते. पोलादी कमानीस धक्का जिरविणे आणि उंची राखणे ही दोन्ही कामे एकटीने करावी लागत. येथे पहिले वायूकडे गेले, दुसरे तेलाकडे. कितीही मऊ असली तरी गाडी आता बसणार नव्हती.

१९५४ साली ही रचना जुन्या सहा सिलिंडरांच्या गाडीच्या केवळ मागच्या चाकांस लाविली गेली. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसमध्ये ‘डी. एस.’ प्रकट झाली. फ्रेंच उच्चाराप्रमाणे ह्या अक्षरांचा अर्थ ‘देवी’ असाही होतो. सुघड, ठेंगणी, आणि खराब वाट आली की चालकाने एक दांडी सरकवावी व गाडीने उभे राहावे! २२ ऑगस्ट १९६२ रोजी प्ती-क्लामार येथे अध्यक्ष द गॉल ह्यांच्या डी. एस.वर गोळीबार झाला; टायर फुटले असताही ती त्यांस घेऊन निसटली.

ह्या सुखाची किंमतही होती. आरंभीचे तेल हवेतील ओलावा शोषून नळ्या गंजवी. १९६६ पासून हिरवे खनिज तेल आले तेव्हा ती पीडा टळली. ‘दॅ-शव्हो’ गावचा साधा मेस्त्री उघडी, डी. एस.समोर तोच हात टेकी. डी. एस. १९७५ साली बंद झाली, तर तिची साधीभोळी बहीण १९९० पर्यंत निघत राहिली. माजेस ह्यांची रचना शेवटच्या ‘सी-५’ गाडीबरोबर २०१७ साली संपली. पुढे त्याच कारखान्याने पोलादी कमान पुन्हा पत्करली. मात्र धक्के शोषणाऱ्या नळीत दोन्ही टोकांशी तेलाचा एकेक लहान थांबा बसविला, म्हणजे थोड्या जागेतही कमान मऊ ठेवता यावी आणि शेवटचा दणका तेलाने झेलावा.