सातबाऱ्यावर बाईचं नाव

वालूरच्या शिवारात निंदणं-खुरपणं आपलं, कापूस वेचणंही आपलंच. पण सरकारी खरेदी केंद्रावर आधी सातबारा मागतात आणि पैसे त्यावरच्या नावाच्या खात्यात जातात. पीककर्जाचंही तेच.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. गावोगावच्या शेतकरी बायका तिथं जमल्या. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ सुरू केली. नवऱ्यानं जमिनीचा तुकडा राजीखुशीनं बायकोच्या नावे करायचा. शंभर घरांनी केला, की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. १९९२ साली बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं शासनाचं परिपत्रकही निघालं.

वडिलोपार्जित जमिनीत लेकीला समान वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. पण भावाकडे वाटा मागायला आपली जीभ रेटत नाही. साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करून येतो (माहेर तुटेल ना!). म्हणून आम्हाला सासरची ही वाट जास्त जवळची वाटते. तलाठ्याकडे नवऱ्यासोबत जायचं, अर्ज द्यायचा.

पुढच्या बैठकीला घरचा सातबारा आणा. भोगवटादाराच्या रकान्यात कुणाची नावं आहेत, ते मिळून वाचू.