सोन्याचा प्लग आणि तीन खिळे

आज एका कोड्यापासून सुरुवात करते. वीज वाहून नेण्यात चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं तिसरं. मऊ केलेल्या शुद्ध तांब्याची वाहकता १०० धरली, तर चांदीची साधारण १०५, सोन्याची ७० च्या आसपास आणि पितळेची जेमतेम २८. मग स्पीकरच्या महागड्या प्लगवर सोन्याचा मुलामा का देतात? आणि सोन्याखालचा प्लग बहुतेक वेळा पितळेचाच का असतो?

हे कोडं सुटायला विज्ञानाला जवळपास शंभर वर्षं लागली, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतले होते.

पहिला प्रश्न तारेचा. १८५७ साली अटलांटिकच्या तळाशी टेलिग्राफची केबल टाकायची तयारी चालू होती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी बाजारातल्या तांब्याच्या तारा मोजल्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण काहींची वाहकता इतरांच्या निम्म्याच्या आसपास! पुढे ऑगस्टस मॅथिसन यांनी दाखवलं की दोष भेसळीचा आहे. आर्सेनिक किंवा फॉस्फरस किंचित असलं तरी तांब्याची वाहकता घसरते. शेवटी १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं: एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाची तार, २० अंश सेल्सिअसला रोध १/५८ ओहम. हेच आपलं '१००'. आजचं चांगलं तांबं या मापावर १०१ भरतं. घाबरू नका, १०० हा निसर्गाने दिलेला आकडा नाही, तेव्हाच्या तांब्यावरून ठरवलेला आहे.

दुसरा प्रश्न सांध्याचा, आणि तो फार वेगळ्या वाटेने आला. १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी दोन खिळे शेजारी ठेवले, तिसरा त्यांच्यावर आडवा टाकला आणि मंडलात बॅटरी व टेलिफोनचा रिसीव्हर जोडला. खिळ्यांजवळ आवाज केला की तो रिसीव्हरमध्ये ऐकू यायचा. खिळ्यांचं लोखंड बदलत नव्हतं, बदलत होता तो त्यांचा एकमेकांना होणारा स्पर्श. सैल सांधा हाच मायक्रोफोन झाला होता. स्पीकरची वायर सैल झाली की जी खरखर येते, ती याच खिळ्यांची नातेवाईक.

त्यानंतर कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी वेगवेगळ्या धातूंचे सांधे घेऊन रेडिओलहरींचा त्यांच्यावर काय परिणाम होतो ते तपासलं. १८९९ च्या त्यांच्या निबंधाचा विषयच तो होता. बहुतेक धातूंच्या सांध्याचा रोध उतरायचा, पोटॅशियमचा मात्र चढायचा. म्हणजे सांध्याला स्वतःचा स्वभाव आहे, आणि तो धातूच्या वाहकतेच्या तक्त्यावरून कळत नाही.

हा स्वभाव येतो कुठून? बराचसा पृष्ठभागावरच्या थरातून. १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्रोंडाल आणि गायगर यांनी तांब्याच्या चकतीवर मुद्दाम ऑक्साइड वाढवून रेक्टिफायर बनवला. एका दिशेने प्रवाह सहज, उलट दिशेने अडून. आता विचार करा, आवाजाचा सिग्नल दोन्ही दिशांनी ये-जा करतो. वाटेत असा थर आला, तर नुसता आवाज कमी होणार नाही, त्याचा आकारच बिघडेल. याला म्हणतात विकृती.

याचं पूर्ण गणित मांडलं रॅग्नार होल्म या स्वीडिश संशोधकाने, बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत काम करताना. दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी खरे टेकतात ते मोजक्या ठिपक्यांवर. प्रवाहाला त्या चिंचोळ्या वाटेतूनच जावं लागतं. एका ठिपक्याचा रोध = धातूची रोधकता भागिले ठिपक्याचा व्यास. तांबं आणि १० मायक्रोमीटर त्रिज्या घेतली, तर सुमारे ०.८६ मिलिओहम.

आता हिशेब करू. दोन सेंटिमीटर लांब, १० चौरस मिलिमीटर छेदाचा पितळी प्लग घ्या. रोध साधारण ०.१२ मिलिओहम. तोच तांब्याचा केला तर ०.०३५. वाचले जेमतेम ०.०९. स्पीकर ८ ओहमचा, म्हणजे हा फरक नव्वद हजारात एक. तीन मीटरवरच्या स्पीकरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली, तर जाऊन-येऊन ती एकटीच ४१ मिलिओहम खाते. तेव्हा प्लगच्या आतल्या धातूमुळे आवाज सुधारतो, हा दावा इथेच गळतो.

सोन्याचं काम वेगळं आहे. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं काळी पडतात, तांब्याच्या कलशाला दर वेळी चिंच लागते. सोनं मात्र तसंच राहतं. त्यावर ऑक्साइड किंवा सल्फाइडचा थर चढत नाही, म्हणून टेकणारे ठिपके वर्षानुवर्षं धातूचेच राहतात. खालचं तांबं सोन्यातून झिरपून वर येऊ नये म्हणून मध्ये निकेलचा थर देतात. मायक्रोफोनसारख्या अगदी क्षीण सिग्नलला याचा खरा उपयोग, कारण पातळ थर फोडायला लागणारा दाब तिथे नसतो. स्पीकरचा सिग्नल दणकट असतो. घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार स्क्रूखाली घट्ट आवळली, तरी पुरते.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका पातळ थराचा रोध दोन क्लिप लावून तीन आठवडे मोजला. आलेख सुंदर आला. गाइडनी एकच विचारलं, "हा रोध कोणाचा?" चार टोकांची जोडणी करून पुन्हा मोजलं तेव्हा कळलं, बहुतेक आकडा क्लिपच्या सांध्यांचा होता. प्रवाह दोन टोकांतून द्यायचा आणि व्होल्टेज वेगळ्या दोन टोकांवर मोजायचं, म्हणजे सांधे हिशेबातून बाहेर जातात. या जोडणीला आजही केल्व्हिनचं नाव आहे.

त्या तीन आठवड्यांचा डेटा फेकावा लागला. तुम्ही पहिलं मोजमाप घ्याल, तेव्हा वहीत आकडा लिहिण्याआधी हा प्रश्न लिहा: हा रोध कोणाचा?