छिटाचा पडदा आणि कारागिराचा हात

इतिहासाचीं पानें लढायांनीं व तहांनीं भरलेलीं असतात. पडद्याच्या आणि पलंगपोसाच्या कापडावरून दोन बलाढ्य राष्ट्रांस कायदे करावे लागले, ही गोष्ट त्यांत सहसा आढळत नाहीं. तें कापड म्हणजे हिंदुस्थानांतील छीट. मराठींत जिला चीट म्हणतात, त्या हिंदी 'छींट' शब्दाचेंच इंग्रजी रूप 'चिंट्झ' हें होय.

या कापडाचें मर्म नक्षीपेक्षां रंगविद्येंत होतें. हिरड्याच्या पाण्यांतून काढलेल्या कापडावर कारागीर लांकडी ठशानें तुरटीचें किंवा लोखंडाचें पाणी उमटवी. नाजूक कामास ठशाऐवजीं कलम वापरीत. मग तें मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या काढ्यांत घातलें, म्हणजे तुरटीच्या जागीं तांबडा व लोखंडाच्या जागीं काळा रंग पक्का बसे. इतरत्र लागलेला रंग धुऊन निघे. असा धुण्यास टिकणारा सुती छाप त्या वेळीं युरोपांत कोणास साधत नव्हता. केर्दू नांवाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानें इ. स. १७४२ मध्यें ही कृति कोरोमंडल किनाऱ्यावरून पत्रानें मायदेशीं कळविली, ती उगीच नव्हे.

लंडनच्या पेपीस या दैनंदिनीकारानें १६६३ सालींच पत्नीच्या खोलीच्या भिंती मढविण्यासाठीं छीट विकत घेतली होती. पुढें ही आवड पसरली, तसे तिकडील विणकर बिथरले. फ्रान्सनें १६८६ मध्यें बंदी घातली. इंग्लंडांत १७०१ पासून छापील हिंदी कापड वापरण्यास मनाई झाली. पण कोरें कापड आणून तेथेंच छापण्याची वाट मोकळी राहिली. १७१९ मध्यें विणकरांनीं रस्त्यांत छिटाचे कपडे घातलेल्या स्त्रियांवर हल्ले केले, आणि १७२१ च्या कायद्यानें घरच्या सजावटीचें छापील सुती कापडही बहुतांशीं निषिद्ध ठरविलें. तरी मोह सुटला नाहीं. नटश्रेष्ठ गॅरिक याच्या पत्नीसाठीं कलकत्त्याहून आलेले पलंगाचे पडदे जकातवाल्यांनीं पकडले, तेव्हां १७७५ मध्यें त्यास सरकारांत विनोदी अर्ज करावा लागला.

या बंदीनेंच आमची कला मारली, असें आपल्याकडे पुष्कळदां म्हटलें जातें. आमच्या मतें हें अर्धेंच सत्य आहे. कायद्यानें छीट परक्या घरांतून हद्दपार झाली नाहीं. मात्र तिची नक्कल करणारांस अवधि व उत्तेजन मिळालें. फ्रान्सची बंदी १७५९ मध्यें उठली, आणि दुसऱ्याच वर्षीं ओबरकांफ यानें झुई येथें लांकडी ठशांनीं छपाई सुरू केली. इंग्लंडनें १७७४ मध्यें देशी सुती छपाईस मोकळीक दिली. १७८३ मध्यें बेल यानें कोरीव रुळानें छापण्याच्या यंत्राचा एकाधिकार मिळविला. गिऱ्हाइकानें नक्षी ठेवली आणि तिच्यामागचा हात सोडला. कायद्याहून हा घाव खोल होता.

त्या हाताकडे पुन्हां वळणारा पुरुष इंग्लंडांतच निघाला, हें नवल आहे. विल्यम मॉरिस यानें १८८१ मध्यें मर्टन अ‍ॅबे येथें कारखाना घालून लांकडी ठसे, नीळ व मंजिष्ठ यांचा पुनरुद्धार केला. पण श्रमास रास्त मोल द्यावयाचें, तर माल महाग पडे. १८८३ सालीं हा गृहस्थ समाजवादी पक्षांत शिरला. त्याचे पडदे मात्र श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत लागत राहिले. हा पेंच त्यास सुटला नाहीं.

आपल्या घरांतही तोच पेंच आहे. ज्या देशांत भावसार व रंगारी यांच्या पिढ्यान्‌पिढ्या कापड छापण्यांत गेल्या, तेथें आज हातछपाईच्या नांवानें यंत्राची नक्कल बिनदिक्कत खपते. दोन ठशांच्या सांध्यावरील किंचित् फरक, रंगाचा कमीअधिक दाब, या खुणा हाताच्या आहेत. त्यांस दोष समजून नाक मुरडणारें गिऱ्हाईक न कळत यंत्रासच कौल देतें. सरकारनें कितीही उत्तेजन दिलें, तरी पडदा निवडतांना या खुणा ओळखणारा डोळा आणि त्यांचें मोल देणारी मूठ घराघरांत नसेल, तर ठसे पदार्थसंग्रहालयांतच उरतील.