जोडनौकेचा कारागीर : नॅथॅनिएल हेरेशॉफ

समुद्राच्या कांठीं वाढलेल्या माणसाला चांगल्या होडीची पारख निराळी शिकवावी लागत नाहीं. होडी पाण्यांत उतरली म्हणजे ती कशी बांधली आहे हें पाणीच सांगतें. मात्र ती बांधणाऱ्या हातांची आठवण बहुधा कोणी लिहून ठेवीत नाहीं. ज्युबिलीच्या निमित्तानें आपण आपल्या पूर्वजांचें स्मरण करीत असतां, नौका बांधणें हेंच ज्यांनीं आपलें जीवितकार्य मानिलें अशा एका पुरुषाची हकीकत वाचकांपुढें ठेवणें अस्थानीं होणार नाहीं, असें वाटतें. त्यांचें नांव नॅथॅनिएल ग्रीन हेरेशॉफ.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. ज्या नौकेला इंग्रज 'कॅटामरान' म्हणतात, तिचें नांव मूळचें तामिळ आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणें व 'मरम्' म्हणजे लांकूड. चोलमंडलाच्या किनाऱ्यावरील मच्छीमार लोक ओंडके दोरांनीं एकत्र आवळून त्यांवरून समुद्रांत जात, आणि परतल्यावर दोर सोडून ते वाळूवर सुकत ठेवीत. त्या तराफ्याचें हें नांव. पुढें युरोपीय लोकांनीं तें एका निराळ्याच रचनेस दिलें. दोन अरुंद होड्या परस्परांपासून अंतरावर ठेवून आडव्या तुळयांनीं जोडिल्या म्हणजे जी जोडनौका होते, तिलाच आतां सर्वत्र कॅटामरान म्हणतात. पॅसिफिक महासागरांतील बेटांवरचे लोक अशा जोडनौकांतून पूर्वापार लांबचे प्रवास करीत आले. आपल्या दक्षिण कोंकणांत होडीच्या एका अंगास उलांडी बांधतात, तिच्या मुळाशींही हेंच तत्त्व आहे : रुंदी वाढली म्हणजे स्थैर्य वाढतें.

हेरेशॉफ यांचा जन्म अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड प्रांतांतील ब्रिस्टल या बंदरगांवीं १८ मार्च १८४८ रोजीं झाला. त्यांचे वडील बंधु जॉन हे त्यांच्याहून सुमारें सात वर्षांनीं मोठे. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास जॉन यांची दृष्टि पूर्णपणें गेली. तथापि त्यांनीं होड्या बांधण्याचा उद्योग सोडिला नाहीं. धाकटा भाऊ त्यांचे डोळे झाला. पुढें नॅथॅनिएल यांनीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत यंत्रशास्त्राचें अध्ययन केलें, कॉर्लिस यांच्या वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यांत नोकरी केली, आणि १८७८ सालीं दोघां भावांनीं मिळून ब्रिस्टल येथें स्वतःचा कारखाना स्थापन केला. नौकेची आंखणी करितांना नॅथॅनिएल प्रथम तिच्या अर्ध्या अंगाचा लहानसा लांकडी नमुना कोरीत आणि त्यावरून मापें घेत. कागदावरची रेघ अंधाला काय सांगणार? परंतु हा नमुना एक भाऊ डोळ्यांनीं वाची, दुसरा बोटांनीं.

कारखाना निघण्यापूर्वींच, १८७६ सालीं, नॅथॅनिएल यांनीं 'अमॅरिलिस' नांवाची जोडनौका बांधली. तिची प्रत्येक होडी सुमारें २५ फूट लांब होती. एकेरी नौका वाऱ्यानें कलंडूं नये म्हणून तिच्या तळाशीं ओझें घालावें लागतें, आणि तेंच ओझें तिची गति मारतें. जोडनौकेस त्याची गरज नाहीं. पण तिची अडचण वेगळी. लाटांत एक होडी वर चढते तेव्हां दुसरी खालीं उतरते, आणि मधल्या तुळया पिळवटून निघतात. हेरेशॉफ यांनीं त्या केवळ जाड करण्याचा सोपा मार्ग घेतला नाहीं. त्यांनीं सांधेच असे बसविले कीं प्रत्येक होडीला आपापल्या लाटेवर मोकळेपणें हलतां यावें आणि तरीही सोबत सुटूं नये.

त्याच वर्षीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्याप्रीत्यर्थ जून महिन्यांत न्यूयॉर्क येथें नौकांच्या शर्यती झाल्या, आणि 'अमॅरिलिस'नें आपल्या वर्गांतील सर्वांना मागें टाकिलें. प्रतिस्पर्ध्यांनीं तक्रार केली कीं, ही नौका आमच्या जोडीची नव्हेच. तक्रार मान्य होऊन बक्षीस दुसऱ्यास गेलें, व पुढें जोडनौकांना सामान्य शर्यतींची दारें बंद झालीं. तक्रार अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. एकेरी नौकांसाठीं केलेलें माप जोडनौकेला कसें लागू पडावें? पण शर्यतच नाहीं म्हटल्यावर अशी नौका विकत घेणार कोण? हेरेशॉफ यांनीं १० एप्रिल १८७७ रोजीं आपल्या रचनेचें पेटंट मिळविलें, आणखी थोड्या जोडनौका बांधल्या आणि मग तो विषय बाजूस ठेविला.

हात मात्र थांबले नाहींत. 'अमेरिका कप' या जगप्रसिद्ध स्पर्धेंत १८९३ पासून १९२० पर्यंत त्यांच्या पांच एकेरी नौकांनीं सहा वेळां तो चषक राखिला. पहिल्या खेपेस 'व्हिजिलंट'चें सुकाणूं त्यांनीं स्वतः धरिलें होतें. जॉन १९१५ सालीं वारले. नॅथॅनिएल यांनीं नव्वदी गांठून २ जून १९३८ रोजीं देह ठेविला. लोक त्यांना आदरानें 'कॅप्टन नॅट' म्हणत. ब्रिस्टल येथें त्यांच्या कामाचें संग्रहालय आहे.

आतां काळाचा न्याय पाहा. २०१३ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें आणि २०१७ सालीं बर्म्युडा येथें त्याच अमेरिका कपाची शर्यत झाली, तेव्हां उभय पक्षांच्या नौका जोडनौकाच होत्या. 'अमॅरिलिस'ला दार बंद झाल्यास तेव्हां १३७ वर्षें लोटलीं होतीं. हेरेशॉफ हें पाहावयास नव्हते, आणि बक्षीस गेलें तें गेलेंच.

आपल्यांतही सुतारकी, होडीबांधणी वा असाच हातांचा धंदा करणारे पुष्कळ आहेत, आणि आपल्या कामाचें चीज झालें नाहीं ही खंत त्यांतील कित्येकांच्या मनांत असते. ती खोटी आहे असें कोणीं म्हणूं नये. परंतु परीक्षक बदलतात, नियम बदलतात. चांगला सांधा मात्र पाण्यांत टिकतो. तो नीट बसविणें एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि तें थोडें नाहीं.