चिकूची वाडी आणि बारा आणे

१/ हिवाळ्यातल्या रविवारी ठाणे-डोंबिवलीची कुटुंबे डहाणू, घोलवड, बोर्डीच्या चिकूवाड्यांत जातात. जाळी लावलेली काठी मुलांच्या हाती येते आणि स्वतः तोडलेल्या फळाचे अप्रूप वाटते. मात्र याच भूमीवर तोडणीचे, कापणीचे श्रम एके काळी सक्तीचे होते. हा थ्रेड त्या इतिहासाविषयी.

२/ चिकू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा. महाराष्ट्रातील त्याची पहिली लागवड घोलवड येथे १८९८ साली झाल्याचे सांगितले जाते. समुद्रालगतची दमट हवा त्याला मानवली. पुढे पारशी व इराणी बागायतदारांनी वाड्या वाढवल्या. आज घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे.

३/ हा प्रदेश १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. किनाऱ्यावर बागा बहरत असताना डहाणू-उंबरगाव तालुक्यांतील वारली आपल्याच जमिनीवर कुळे व वेठबिगार झाले होते. सावकार-जमीनदाराच्या खाजगी शेतावर विनामोबदला राबणे म्हणजे वेठ. लग्नासाठी कर्ज काढणारे जोडपे तर धन्याकडे बांधले जाई. त्यांना 'लग्नगडी' म्हणत.

४/ या व्यवस्थेला हादरा देणारी सुरुवात कल्याण तालुक्यात झाली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगावहून काही वारली तेथे आले, त्यांत माह्या धांगडा होते. आपले दुःख जाहीरपणे मांडता येते, हा अनुभवच त्यांना नवा होता.

५/ २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली निर्धार झाला: वेठ करायची नाही आणि रोख १२ आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही. १२ आणे म्हणजे पाऊण रुपया. रक्कम लहान होती, पण श्रमाचा दर प्रथमच श्रमणाऱ्याने सांगितला होता.

६/ त्याच वर्षी गवतकापणीच्या दरासाठी संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. ५ आदिवासी ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड हे पहिले हुतात्मा मानले जातात. तरीही वेठ परतली नाही. गोदावरीबाईंनी ही हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिली. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

७/ वाडीत तोडणी करणारे हात आजही बहुधा आदिवासींचेच आहेत. फळावरचा भुसा नखाने खरडून आतली छटा पाहायची. हिरवी असेल तर थांबायचे, पिवळसर असेल तर तोडायचे. पाहुण्यांच्या मुलांना हे कसब तेच दाखवतात. रविवारची हौस म्हणून जे श्रम आपण विकत घेतो, ते नाकारण्याचा हक्क एका पिढीने जीव देऊन मिळवला. त्या लढ्याचे पहिले पाऊल ज्या टिटवाळ्यात पडले, ते आज कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत आहे.