नॉटिंगहॅमचं पत्र

माझे मामा रोज संध्याकाळी ‘बसायचे’. बसायचे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. दोन पेग, वाटीभर खारे शेंगदाणे आणि रेडिओ. आरडाओरडा नाही, तमाशा नाही. त्यामुळे घरात कुणी त्याला दारू म्हणतच नसे.

रिटायर झाल्यावर मामांची झोप उडाली. जेवण जाईना, कशात मन लागेना. शेवटी मी आणि मामी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ड्रिंक्स घेता का?” मामा म्हणाले, “छे हो, कधीतरी लग्नकार्यात.” मामी खाली मान घालून बसली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो. मोठ्या माणसाला डॉक्टरांसमोर खोटं कसं पाडायचं?

डॉक्टरांनी रात्रीची अमिट्रिप्टिलिनची गोळी लिहून दिली. तिसऱ्या आठवड्यात मामा रात्री बाथरूमला उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. गोळीमुळे पडले, दारूमुळे पडले की नुसतेच पाय घसरून, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण या गोळीने झोप येते, उठून उभं राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि दारू या दोन्हींत भर घालते, एवढं मला नंतर कळलं.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. डिप्रेशनच्या गोळ्या घेताना काय खाऊ-पिऊ नये, हे माणसाला पहिल्यांदा कळलं तरी कसं? ती गोष्ट मोठी गमतीची आहे. आणि मला ती जरा टोचलीही.

डिप्रेशनवरचं पहिलं औषध मुळात डिप्रेशनसाठी बनवलेलंच नव्हतं. ते होतं क्षयावरचं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये क्षयरोग्यांवर आयप्रोनियाझिडचे प्रयोग झाले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं अचानक खुलली, हसायला-बोलायला लागली. १९५७ मध्ये नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने हे औषध डिप्रेशनसाठी पुढे आणलं. शरीरात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम असतं, त्याला ही औषधं अडवतात. आयप्रोनियाझिडने काहींना गंभीर कावीळ व्हायला लागली म्हणून ते मागे पडलं, पण त्याची भावंडं बाजारात आली. ट्रानिलसिप्रोमिन हे त्यातलंच एक.

ते घेणाऱ्या काही जणांना मधूनच भयंकर डोकेदुखी व्हायची, रक्तदाब आकाशाला भिडायचा. काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पण सगळ्यांना नाही, आणि रोज नाही. कुणाला कारण सापडेना.

१९६३ मध्ये लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधल्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये याबद्दल लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने त्याला पत्र पाठवलं. त्याची बायको या गोळ्या घेत होती. तिला दोनदा असा त्रास झाला, आणि दोन्ही वेळा तिने आधी चीज खाल्लं होतं. दूध-लोण्याने काही होत नाही, मग चीजमध्ये काही असेल का, असं त्याने विचारलं होतं.

डॉक्टरमंडळींना हसू आलं. चीजने कुणाला झटका येतो होय? ब्लॅकवेलने स्वतः काही दिवस गोळ्या घेऊन चीज खाऊन पाहिलं, काहीच झालं नाही. पण पुढे एकेक रुग्ण तपासताना जेवणात चीज सापडतच गेलं. त्याच वर्षी त्याने ते प्रसिद्ध केलं. फार्मासिस्टचं बरोबर होतं.

दोषी होतं टायरामीन. मुरलेल्या, आंबलेल्या पदार्थांत ते तयार होतं. एरवी आतड्यातलं आणि यकृतातलं ते एन्झाइम त्याचा निकाल लावून टाकतं. गोळीने एन्झाइमच अडवलं की टायरामीन थेट रक्तात जातं, आणि रक्तदाब भडकतो. १९६४ मध्ये अमेरिकेत चीजबरोबर बिअर आणि वाइनमधलंही टायरामीन मोजलं गेलं. कियांती या इटालियन वाइनचं नाव तेव्हापासून मनाईच्या यादीत गेलं. पुढच्या मोजणीत जास्त धोका नळाच्या बिअरचा निघाला. त्याच वर्षी अमेरिकेत ट्रानिलसिप्रोमिन काही काळ बाजारातून काढून घेतलं होतं, मग बंधनं घालून परत आणलं.

मामांची गोळी या घराण्यातली नाही. ती इमिप्रामिनच्या घराण्यातली, १९६१ पासूनची. इथे भानगड टायरामीनची नाही, गुंगीची आहे. दारू आणि अमिट्रिप्टिलिन एकत्र आलं की गाडी चालवायला लागणारं कौशल्य ढासळतं, असा अभ्यास १९६९ मध्येच ‘सायन्स’मध्ये छापून आला होता. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झालेल्या फ्लुओक्झेटिनपासून पुढच्या गोळ्या या बाबतीत बऱ्याच सौम्य आहेत. तरी त्यांनाही सूट नाही. ड्युलॉक्झेटिन घेणाऱ्याने फार पिऊ नये, यकृताला धोका असतो. आणि गोळी कुठलीही असो, दारू झोप मोडते आणि उदासी वाढवते. एका हाताने बादली भरायची आणि दुसऱ्या हाताने नळ उघडा ठेवायचा, असा तो प्रकार.

आपल्याकडे आणखी एक पळवाट आहे. “आज बसायचंय म्हणून गोळी घेतली नाही!” मित्रमंडळीत हे मी कितीदा ऐकलंय. पण एक दिवस गोळी चुकवून औषध शरीरातून जात नाही, अशी चुकवाचुकवी झाली की गुण येत नाही, आणि काही गोळ्या अशा अचानक सोडल्या की चक्कर, बेचैनी सुरू होते.

असो. मला टोचलं ते वेगळंच. नॉटिंगहॅमच्या त्या माणसाने बायकोचं आजारपण आणि ताटातलं चीज, दोन्ही एका अनोळखी डॉक्टरला लिहून कळवलं. चीज खाण्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हेही खरं. आमच्या घरात गोळ्याही लपवायच्या आणि बाटलीही लपवायची. दोन्ही लपलेलं असलं की त्यांची गाठ कुठे पडते ते कुणालाच दिसत नाही. आम्हाला दिसत होतं, तर आम्ही बोललो नाही.

ऑपरेशननंतर पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी म्हणालो, “डॉक्टर, मामा रोज दोन पेग घेतात. बरीच वर्षं.” डॉक्टर रागावले नाहीत. एकदम बंद करू नका म्हणाले, हळूहळू कमी करायचं कसं ते समजावलं, आणि गोळी बदलून दिली.

मामा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मामीने मात्र निघताना माझ्या हातात डब्यातले दोन बेसनाचे लाडू ठेवले, काही न बोलता.